नंबरच गंजानं खाल्ला तर? शेतीरक्षणाची बंदूक पावसाळ्यात घरी अशी सांभाळा

गोंदिया : परवाना नूतनीकरणाची तारीख जवळ आली म्हणून आमच्या गावातल्या एका काकाजींनी धानाच्या कोठीमागून बंदूक बाहेर काढली. जुनी भरमार बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून ठासून भरायची. वडिलांच्या काळातली. गोधडीत गुंडाळून ठेवलेली, वरून प्लास्टिकची खताची पिशवी. काकाजींना वाटलं, एवढं झाकून ठेवलं म्हणजे काय होणार? गोधडी सोडली तर नळीवर विटकरी रंगाचा थर, आणि ज्या जागी नंबर कोरलेला होता तिथं फक्त खडबडीत पापुद्रा. परवान्यावर नंबर स्पष्ट आहे, बंदुकीवर दिसतच नाही. "आता साहेबाले काय दाखवू?" असं विचारत ते माझ्याकडे आले.

माझ्या घरीही वडिलांच्या नावावरची तशीच बंदूक होती, त्यामुळं हा प्रश्न मला नवा नाही. पण लोक गंज म्हणजे फक्त "खराब दिसते" एवढंच समजतात. खरं नुकसान दोन ठिकाणी होतं. गंज नंबर खातो, म्हणजे तुमचा कागद खातो. आणि गंज नळीच्या बुडाशी आतून लोखंड खातो, म्हणजे उद्या बार काढताना ती नळी तुमच्याच हातात फुटू शकते.

आधी नंबराचं पाहू. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 8 प्रमाणं बंदुकीवरचं बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. अशी खूण नसलेली बंदूक विकायला किंवा दुसऱ्याच्या नावे करायलाही मनाई आहे. आणि बंदूक ज्याच्याकडे सापडली त्यानंच खूण खोडली, असं कायदा आधी धरून चालतो. नाही खोडली हे सिद्ध करायची पाळी आपल्यावर येते. गंजानं गेला की कानसीनं घासला, हे वरून पाहणाऱ्याला कसं कळणार? म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे गंज दिसला की सँडपेपर घेऊन बसणं. चार-पाच वेळा घासलं की गंजाबरोबर नंबरही उतरतो. काकाजींनी ते केलं नव्हतं हे त्यांचं नशीब. मी त्यांना सांगितलं, काहीच घासू नका, आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत आहे तशी परिस्थिती सांगा. आपण होऊन सांगितलेलं आणि तपासणीत सापडलेलं, यात फरक पडतो.

आपल्याकडेच एवढा गंज का?

गोंदिया म्हणजे तलावांचा आणि धानाचा जिल्हा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. गावाच्या एका बाजूला मालगुजारी तलाव, दुसऱ्या बाजूला पाण्यानं भरलेल्या बांध्या. घरात मिठाला पाणी सुटतं, माचिसची काडी पेटत नाही, पापड नरम पडतात. हवेत साधारण 60 टक्क्यांच्या वर ओलावा गेला की उघड्या लोखंडावर गंज वेगानं धरतो, आणि आपल्याकडे श्रावणात हवा त्याच्या कितीतरी वर असते. पाणी अंगावर पडायलाच पाहिजे असं नाही.

त्यात घाम येण्याची गोष्ट वेगळी. थंड पाण्यानं भरलेल्या पितळी लोट्याला बाहेरून घाम येतो, तसाच रात्रभर गार पडलेल्या नळीला सकाळी दमट गरम हवा लागली की येतो. रात्री मचाणावर दवात बसून सकाळी बंदूक घरात आणली, चहा उकळत असलेल्या खोलीत टेकवली, की पाच मिनिटांत नळी ओली. डोळ्याला दिसत नाही, बोट फिरवून पाहा. हा घाम पुसायच्या आधीच बंदूक कव्हरमध्ये घातली तर ओलावा आतच कोंडतो. काकाजींच्या गोधडीचं आणि प्लास्टिकचं हेच झालं. कापूस ओल धरतो, प्लास्टिक ती बाहेर जाऊ देत नाही.

हाताच्या घामात मीठ असतं. बंदूक पाहायला पाहुणे येतात, दहा जण नळीला हात लावतात, आणि मग महिन्याभरानं नळीवर बोटांचे ठसे गंजाच्या रूपात उमटतात. हे मी स्वतः पाहिलं आहे. हात लावल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा बोळा फिरवायचा, एवढंच करायचं असतं. तसं पाहिलं तर पाहुण्यांना बंदूक दाखवायचीच कशाला, आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला तर त्याहून नको.

कोठी, पाटन, खताची खोली

आपल्या घरांमध्ये बंदूक ठेवायच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्यातल्या बहुतेक चुकीच्या असतात.

धानाच्या कोठीत किंवा कोठीमागे ठेवणारे खूप आहेत. म्हणतात, धान ओल शोषून घेते. मोबाईल पाण्यात पडला की तांदळाच्या डब्यात ठेवतात, त्यातलाच हा विचार. पण आधारभूत केंद्रावर आपण धान नेतो तेव्हा 17 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. म्हणजे पोतंभर धानात कित्येक किलो पाणीच असतं. धान हवेतून ओल घेतं तसं सोडतंही. त्याच्या कुशीत ठेवलेलं लोखंड कोरडं कसं राहील? वरून कोंड्याची बारीक धूळ नळीवरच्या तेलाला चिकटते आणि ओल धरून बसते.

खताची खोली त्याहून वाईट. युरियाच्या उघड्या पोत्याला पावसाळ्यात पाणी सुटतं, सगळ्यांनी पाहिलं आहे. पोटॅश तर एक प्रकारचं मीठच आहे. त्या खोलीतल्या फवारणी पंपाचे नट-बोल्ट, विळे, टिकास यांच्याकडे पाहा, किती लवकर लाल होतात. बंदूक काही वेगळ्या लोखंडाची नसते. युरियाच्या वासानं काडतुसाचं पितळही हिरवट पडतं.

कवेलूच्या घरात पाटनावर ठेवणारे आहेत. तिथं हवा खेळती असते हे खरं, पण एखादं कवेलू सरकलं की सरळ पाण्याची धार, आणि लाकडी दस्त्याला वाळवी. घरकुलाच्या स्लॅबच्या घरात दुसरी अडचण. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट मागून घामेजतं. मातीच्या सारवलेल्या जमिनीवर दस्ता टेकवून उभी ठेवली तर लाकूड खालून ओल पितं, फुगतं, आणि लाकूड नि लोखंड जिथं भेटतं तिथं आत गंज धरतो. तो बाहेरून दिसतच नाही.

आमचे आजोबा चुलीच्या वरच्या भिंतीला बंदूक टांगायचे. कोरडी ऊब मिळायची, धुरामुळं लाकडाला कीड लागत नसे. आता घरोघर गॅस आला, चूल आंगणात गेली, आणि स्वयंपाकखोलीत राहिली ती नुसती भाताच्या कुकरची वाफ. आणि आजोबांच्या काळात भिंतीवर उघडी टांगलेली चालून जायची, आज चालणार नाही. परवान्याच्या अर्जातच विचारतात, शस्त्र सुरक्षित ठेवायला जागा आहे का? देवरी, सालेकसाकडच्या जंगलपट्ट्यात बंदूक चोरीला जाणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. घरात लेकरं असतात, रागाच्या भरातली माणसं असतात. कुलूप हवंच.

मग ठेवायची कुठे? आतल्या खोलीत, आतल्या भिंतीला, कुलुपाचं लोखंडी कपाट. भिंतीपासून चार बोटं सुटं, खाली विटा किंवा लाकडी पाटे टाकून जमिनीपासून वीतभर उचललेलं. कपाटात बंदूक पडून नको, उभी हवी, आणि जमलं तर तोंड खाली. तोंड वर करून ठेवली तर नळीतलं तेल हळूहळू झिरपून दस्त्याच्या लाकडात जातं आणि लाकूड भुसभुशीत होतं. कव्हर काढून ठेवायचं. कातडी कव्हर, रेक्झिन, कॅनव्हास, सगळी कव्हरं फक्त नेण्या-आणण्यासाठी. साठवणीसाठी जुनं धुतलेलं सुती धोतर तेलात किंचित भिजवून, पिळून, सैल गुंडाळलं तर चालतं. घट्ट नाही.

कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा असं सगळे सांगतात. ठेवा, पण बुटाच्या डब्यात आलेली ती एक पुडी ठेवून उपयोग नाही, ती आधीच ओल पिऊन बसलेली असते. बाजारात किलोच्या हिशोबानं खडे मिळतात, ओल धरली की रंग बदलणारे घ्या. रंग बदलला की जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवले की पुन्हा कामाला येतात. तो तवा परत पोळीसाठी वापरू नका. काही जण कपाटात छोटा बल्ब लावून ऊब ठेवायला सांगतात. शहरात ठीक असेल. आपल्याकडे ज्या रात्री पाऊस जोराचा, त्याच रात्री लाईन जाते.

तेल कोणतं

इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. धान निघाल्यावर बांधीत लाखोरी-जवस पेरायची आपली रीत, त्यामुळं घरात जवसाचं तेल असतं. अनेक जण तेच चोळतात. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल उत्तम, जितकं जिरेल तितकं द्या. पण लोखंडाला नको. जवसाचं तेल हवेत वाळतं आणि त्याचा चिकट पापुद्रा होतो. रंगात ते वापरतात ते याचसाठी. घोड्याच्या कमानीत गेलं की घोडा अडकायला लागतो. खोबरेल हिवाळ्यात गोठतं. खायचं कोणतंही तेल कालांतरानं खवट होतं आणि लोखंडाला खातं. ट्रॅक्टरचं काळं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून लावणारेही आहेत. त्यात आम्ल आणि काजळी असते, म्हणजे गंज लावायचंच औषध. रॉकेल गंज मोकळा करायला बरं, पण ते उडून जातं आणि लोखंड उघडं पडतं. रॉकेल लावलं तर त्यावर तेल लावायलाच हवं.

बंदुकीचं खास तेल मिळालं तर पहिलं तेच. नाही तर शिलाई मशीनचं पातळ तेल. पूर्ण पावसाळा बंद ठेवायची असेल तर बाहेरून स्वच्छ ग्रीसचा अगदी पातळ थर. जास्त म्हणजे चांगलं असं नाही. थेंब गळायला लागला तर तुम्ही चौपट लावलं आहे.

चिंच, लिंबू, व्हिनेगर यांनी भांडी घासावी, बंदूक नाही. आंबट पदार्थ गंज काढतो आणि नळीवरचा काळा किंवा तपकिरी थरही काढतो. तो थर रंग नाही, लोखंडाला दिलेलं संरक्षण आहे. तो गेला की पुढच्या आठवड्यात दुप्पट गंज. वरवरचा लाल गंज असेल तर तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी खरखरीत फडक्यानं पुसा, पुन्हा तेल लावा. तीन-चार दिवसांत बराच निघतो. नंबराच्या जागी तर फक्त तेल आणि मऊ फडकं.

नळीच्या आतलं संकट

आता सगळ्यात महत्त्वाचं. भरमार बंदुकीत काळी दारू वापरतात. सोरा, गंधक, कोळसा. जळल्यावर नळीत जी काळी राख उरते तिच्यात खार असतो आणि तो हवेतून पाणी ओढतो, मिठासारखाच. बार काढून रात्री बंदूक तशीच ठेवली तर पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीच आत गंज सुरू. आणि हा खार तेलात विरघळत नाही. नुसता तेलाचा बोळा फिरवला तर खार तेलाखाली झाकला जातो आणि आपलं काम करत राहतो. त्याला पाणीच लागतं. कोमट साबणपाण्यात भिजलेले फडके गजाला लावून, शेवटचा फडका पांढरा येईपर्यंत. मग गरम पाणी, कारण गरम पाण्यानं तापलेली नळी स्वतःच लवकर वाळते. मग कोरडे फडके, मग तेल. बंदुकीला पाणी लावायचं हे ऐकून जुनी माणसं चिडतात, पण काळ्या दारूच्या बंदुकीची तीच रीत आहे. काडतुसाच्या बारा बोअर बंदुकीला पाणी लागत नाही, तिला ब्रश आणि तेल पुरे.

हे करायच्या आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री. भरमार बंदूक वरून पाहून भरलेली की रिकामी कळत नाही. रिकामी आहे हे पक्कं माहीत असताना गज आत टाकून नळीच्या तोंडाशी गजावर खूण करून ठेवावी. पुढं कधीही गज टाकला आणि खूण नळीच्या बाहेर राहिली, तर आत काहीतरी आहे. आपल्या भागात हंगामभर बंदूक भरून ठेवायची सवय आहे. रात्री डुक्कर आलं तर भरत कोण बसणार, असं म्हणतात. पण ठासलेली दारू आत ओल ओढते आणि नळीच्या बुडाशी, त्या वीतभर जागेत, आतून खड्डे पडतात. बार निघताना सगळा जोर त्याच जागेवर येतो आणि ती जागा तुमच्या तोंडापासून फार लांब नसते. जुना बार आत अडकलेला असेल तर खरडून काढायच्या भानगडीत पडू नका. वाकून नळीत डोळा लावू नका. पोलीस ठाण्यात कळवा, परवानाधारक कारागिराकडून काढून घ्या.

गजाला पांढरं फडकं लावून फिरवलं आणि ते काळं आलं तर ती राख, धुवा. लाल-तपकिरी आलं तर गंज. फडकं एका जागी अडकतं, धागे तुटतात, तर खड्डे पडले आहेत असं समजा. ती बंदूक चालवायची नाही, आधी तपासून घ्यायची.

गावच्या लोहाराकडे नेऊ नका. लोहार कितीही हुशार असो, शस्त्र दुरुस्तीचा परवाना नसेल तर कलम 5 प्रमाणं दुरुस्ती करणंच बेकायदा, तो अडकेल. ज्याच्याजवळ परवाना नाही त्याच्या ताब्यात बंदूक दिली म्हणून तुम्हीही अडकाल.

नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबून ठेवायची सवयही मोडा. आत हवा खेळत नाही, आणि घाईच्या वेळी बोळा काढायचा विसरला तर नळी फाटते. बोळा नसेल तर कुंभारीण माशी मातीचं घर करते, हेही खरं. भाद्रपदात स्प्रेयरच्या नळीत करते तसंच. म्हणून कपाट बंद हवं आणि बाहेर काढताना दरवेळी गज टाकून पाहायला हवं. ओली झालेली दारू चुलीजवळ किंवा उन्हात वाळवण्याचा विचारही नको. दारू, टोप्या, काडतुसं बंदुकीच्या कपाटात नाही, वेगळ्या कुलुपात, आगीपासून दूर.

ठाण्यात जमा असताना

2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि निकाल 4 जूनला आला. ज्यांच्या बंदुका त्या काळात जमा होत्या, त्यांच्या हाती त्या परत आल्या तेव्हा मृग लागला होता. पुन्हा ऑक्टोबरात विधानसभा. ठाण्याच्या खोलीत शेकडो बंदुका एकावर एक. तिथं तुमच्या बंदुकीला कोण तेल लावणार? म्हणून जमा करायला नेतानाच साफ करून, आतून-बाहेरून तेल देऊन न्या. पोचपावतीवर नंबर बरोबर लिहिला आहे का ते तिथंच उभं राहून वाचा. शक्य असेल तर बंदुकीच्या स्थितीची नोंदही करून घ्या. परत मिळाली त्याच दिवशी पुसा. सगळ्यांनीच जमा करायच्या असतात असंही नाही. कोणाच्या बंदुका जमा करायच्या हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते, तेव्हा नोटीस नीट वाचा.

परवानाधारक वारला तर मुलांनी बंदूक पाटनावर लपवून ठेवू नये. आमच्या घरी ती चूक झाली. वडील गेले, तेरवीच्या धावपळीत कोणाला आठवण राहिली नाही, आणि आठवली तेव्हा भीतीनं अजून आठ महिने कोणी हात लावला नाही. खरं तर परवाना माणसाच्या नावाचा असतो, बंदुकीचा नाही. ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची आणि वारस म्हणून अर्ज करायचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत आणि परवाना पाच वर्षांचा झाला आहे. पाच वर्षं म्हणजे पाच पावसाळे, तोवर बंदूक उघडूनच पाहिली नाही असं होतं ते त्यामुळंच.

नवेगाव-नागझिऱ्याच्या कडेला राहणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 34 प्रमाणं वनविभागाकडे नोंदणी करायची असते. अनेकांना माहीतच नाही. आणि शेतीरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे, ती वनविभागाकडून वेगळी घ्यावी लागते.

काकाजींची बंदूक सध्या ठाण्यात जमा आहे. तेलात भिजवलेल्या फडक्यानं चार दिवस पुसल्यावर नंबराचे शेवटचे दोन आकडे वाचता आले, आधीचे अजून नाहीत. जुन्या नूतनीकरणाच्या नोंदी शोधायला त्यांनी अर्ज दिला आहे. तुमच्याकडे बंदूक असेल तर आज कुलूप उघडून नंबर परवान्याशी ताडून पाहा, आणि आकडे स्पष्ट दिसत आहेत तोवर त्यांचा एक फोटो काढून परवान्याच्या झेरॉक्ससोबत जपून ठेवा.